प्यायलेल्यानं आत येऊ नये

कॉव्हेंट्री,
९ नोव्हेंबर १९८७

ती. मॅलकीदादास,
ॲट्रॅक्टाचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं साप्ताहिक पोचलं. चौथ्या पानावर टाय लावून काउंटरमागे उभा असलेला तुझा फोटो पाहून आधी हसूच आलं. आपल्या घरात लेखक निपजेल असं कुणाला वाटलं होतं? चहाचा कप घेऊन मी वाचायला बसले. अर्धा लेख झाला आणि तो चहा मोरीत ओतून दिला.

जुन्या पबचं तू छान लिहिलंयस, खोटं का बोलू. टोपी न काढता बसणारे म्हातारे, बायकांसाठी फळ्या ठोकून केलेलं ते कोंदट खोपटं, तळ्यात बुडालेल्याचं प्रेत चौकशी होईपर्यंत कायद्यानं आपल्याच थंड तळघरात आणून ठेवायचे ते. फक्त वास लिहायचा तुझा राहून गेला. बीअर सांडून, थुंकून, वर आणखी काय काय करून भिजलेला तो लाकडाचा भुसा रोज शाळेत जायच्या आधी मी झाडायचे. आज बावन्न वर्षांची आहे, तरी सुताराच्या दुकानावरून जाताना मला मळमळतं.

पण बाबांच्या मयतापाशी झालेल्या जागरणाबद्दल जे लिहिलंयस ते वाचून शिसारी आली. काही तरुणांनी म्हणे मागच्या खोलीतून बाबांना उचलून आणलं, काउंटरमागे उभं केलं, हातात ग्लास दिला आणि मेलेल्या मालकानं शेवटचा ग्लास भरला. सगळा पब पोट धरधरून हसला, आणि दारात उभी असलेली आईसुद्धा डोळे पुसत हसली. हे छापून आलंय, दादा. लोक हे कापून जपून ठेवतील.

मी चौदा वर्षांची होते. बाबा त्या पोरांच्या हातून निसटले आणि त्यांचं कपाळ काउंटरच्या कडेवर आपटलं, हे कसं लिहिलं नाहीस? कातडी फाटली आणि रक्त आलं नाही. त्यांना परत आणून टाकल्यावर आईनं मला पाणी तापवायला लावलं आणि दुसऱ्यांदा त्यांना धुतलं. कानात बीअर गेली होती. केसांत सिगारेटची राख होती. तिनं स्वतः इस्त्री केलेला, मयताला घालायचा तो तपकिरी झगा ओला होऊन छातीला चिकटला होता आणि त्याला कुणाच्या तरी ओकारीचा वास येत होता. भांडं मी धरलं होतं. आई हसली असेल तर ती कधी हसली ते मला सांग.

हा लेख आईला वाचून दाखवू नकोस. तिला छातीचा त्रास किती आहे ते कळव. रागावले असले तरी बहीणच आहे, तेव्हा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ॲटी


किलव्हॅरन,
२० नोव्हेंबर १९८७

चि. सौ. ॲटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. तुला लहानपणापासून नाक मुरडायची सवय आहे, ती इंग्रजांच्या इस्पितळात तीस वर्षं नोकरी करून आणखी वाढली. तिकडे माणूस मेला की पडदा ओढतात आणि खालच्या मजल्यावर ढकलत नेतात. त्याची तुला किळस येत नाही. आपल्याकडे माणसाला रात्रभर एकटं सोडत नाहीत, त्याची मात्र येते.

लेख सगळ्यांना आवडला. बार्टलीनं, जुना दोस्तच तो माझा, लेख चौकटीत बसवून आणला आणि स्वतःच खिळा ठोकून भिंतीवर लावला. फादरनीसुद्धा दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा हसले म्हणे. बॉस्टनहून आलेलं एक जोडपं तर बाबा नेमके कुठे उभे होते ते विचारून तिथे उभं राहून फोटो काढून गेलं. त्या काळात तसंच चालायचं, ॲटी. लोक बाबांवर प्रेम करायचे म्हणून त्यांना एकदा शेवटचं आपल्यात घेतलं. आई हसली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

लेख तिला आधीच वाचून दाखवला होता. ती नुसतं खिडकी उघड म्हणाली. तिचं काही ठीक नाही, डॉक्टर ख्रिसमसपुढचं बोलतच नाहीत. पण एक सांगतो, तिला मी साध्यासुध्या पद्धतीनं जाऊ देणार नाही. पुढचं दार, मागचं दार, दोन्ही उघडी ठेवीन. येईल त्याच्या हातात ग्लास देईन. आपल्या डिग्ननांच्या घरात कोरडं जागरण झालं असं तीन गावांत कुणाला म्हणता येणार नाही.

तुझ्या इंग्रज नवऱ्याला नमस्कार. त्याच्यावर जेवढी माया करतेस तेवढी इकडेही पाठव.

तुझा,
मॅलकी


किलव्हॅरन,
२ डिसेंबर १९८७

चि. ॲट्रॅक्टास,
आईचे अनेक आशीर्वाद.

हे मी सांगतेय आणि शेजारची डीलिया लिहून घेतेय. माझा हात आता थरथरतो. मॅलकी दुपारी माल आणायला गेलाय, म्हणून घाई करतेय. डीलियाचा हट्ट आहे की हे मी त्यालाच सांगावं. पण अडतीस वर्षांत जे तोंडातून निघालं नाही ते आता कसं निघणार? तू पोरगी आहेस, तुला सांगते.

त्यानं लिहिलंय की मी हसले. मी हसले नव्हते, बाळा. मला श्वास घेता येत नव्हता. त्या लोकांना तोंड उघडं दिसलं, त्यांना ते हसणं वाटलं.

बाबांच्या उजव्या बगलेत बार्टलीचा हात होता. डाव्या बगलेत मॅलकीचा होता. हे तुला ठाऊक नसणार, तू आतच होतीस. तो बावीस वर्षांचा होता आणि डोळे तांबारलेले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास उंच केला. मी त्याला कधी काही म्हटलं नाही. तो मनानं वाईट नाही. पण त्या दिवसापासून मला त्या वासाची इतकी घाण वाटते की काय सांगू. आणि माझं सगळं आयुष्य त्याच भिंतीआड गेलं.

मला भीती मरणाची नाही. त्या लोकांनी मला हात लावायची आहे. मी निपचित पडलेली असणार, झगा वर सरकला तर खाली ओढता येणार नाही. म्हणून एवढंच माग त्याच्याकडे, माझ्या नावानं. मी गेल्यावर प्यायलेल्या माणसानं माझ्या खोलीत पाऊल टाकू नये. एकच घोट घेतलेला असला तरी नको. चहा किती पाजायचा तेवढा पाजा. दारावर बसायला मी डीलियाला सांगून ठेवलंय. ती कुणाच्या बापाला भीत नाही. हे वाक्य तिनं लाजत लाजत लिहिलंय.

थंडी फार आहे, गुडघे झाकून झोप. माझी माया तुझ्यापाशी आहेच, ती मागायला नको.

तुझी,
आई


कॉव्हेंट्री,
१२ डिसेंबर १९८७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र सोबत जोडलंय. मूळच पाठवतेय, नक्कल नाही. डीलियाचं अक्षर तू ओळखशील.

ते तीनदा वाचल्यावर तुला काय लिहू सुचेना. मी इतकी वर्षं समजत होते की तू नुसता बघत उभा होतास, आणि त्याचाच तुझ्यावर राग धरून होते. तू लेखात ‘काही तरुण’ असं लिहिलंस. त्या काही तरुणांमध्ये तू होतास आणि ते झाकून तू त्याचा विनोद केलास, तो आईलाच वाचून दाखवलास. मला तुझी किळस आली, दादा. लिहू नये ते लिहिलं, पण आता खोडत नाही.

मी स्वतः आले असते आणि दारावर बसले असते. पण मंगळवारी इस्पितळाच्या पायरीवर बर्फावरून घसरले, पाय दोन ठिकाणी मोडलाय आणि मांडीपर्यंत प्लास्टर आहे. मार्चपर्यंत बोटीवर चढता येणार नाही. म्हणून तुझ्याशिवाय इलाज नाही. आईला शब्द दे. मला नको, तिला दे, समोर बसून.

तुझं उत्तर येईपर्यंत झोप लागणार नाही. लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

ॲट्रॅक्टा


किलव्हॅरन,
२१ डिसेंबर १९८७

चि. ॲटीस,
आशीर्वाद.

मोठं लिहीत नाही. आईपाशी जाऊन बसलो. शब्द दिला. तिनं मला दोनदा म्हणायला लावला, मग मान हलवली आणि उबदार पायमोजे मागितले.

ती चौकट भिंतीवरून काढली. बार्टली कारण विचारत होता, त्याला भिंत रंगवायची आहे असं सांगितलं.

पायाला जप. ख्रिसमसच्या शुभेच्छा दोघांना.

मॅलकी


किलव्हॅरन,
३ फेब्रुवारी १९८८

चि. ॲटीस,
अनेक आशीर्वाद.

तारेनं तुला कळलंच आहे. आता सगळं सविस्तर लिहितो, कारण तू इथे नव्हतीस आणि गावातून तुला भलतंच काही कळायला नको.

आई शनिवारी दुपारी साडेतीनला गेली. मी पुढे काउंटरवर होतो. फुटबॉलचा सामना संपला होता, आमचे जिंकले होते, आणि जो तो मालकाला पाजत होता. तुला माहीत आहे, नको म्हटलं तर लोकांना राग येतो. दोन व्हिस्की झाल्या होत्या. तिसरा ग्लास हातात होता तेव्हा डीलिया मधल्या दारातून आली. तिला काही सांगावं लागलं नाही. मी ग्लास ठेवून तिच्यामागे धावलो आणि आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबलो. डीलियानं अडवलं नाही. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी आत गेलो नाही.

पब बंद केला, पडदे ओढले. मागचं दार उघडं ठेवलं आणि तिथे खुर्ची टाकून बसलो. डीलियानं आणि तिच्या सुनेनं आईला धुतलं, रिवाजाप्रमाणे घड्याळ थांबवलं, आरसा झाकला. पाच वाजल्यापासून लोक यायला लागले. बायका आत गेल्या, काही म्हातारे गेले. बाकीचे समोरच्या पबात बसून मगच आले होते. त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. काही जण आईची माफी मागून गेले, काही जण मला शिव्या घालत गेले. एक जण कुंपणाला धरून ओकला आणि मग माझं सांत्वन करायला त्यानं हात पुढे केला. तोंड पुसलेला तोच हात. मी मान फिरवली. आपण लहानपणापासून याला पाहुणचार म्हणत आलो.

बार्टली सर्वांत शेवटी आला. रडत होता, खरंच रडत होता. साठ वर्षांची दोस्ती आहे, त्याला ओळखतो. मी त्याला आत जाऊ दिलं नाही. तेव्हा तो भडकला आणि म्हणाला की वास तर तुझ्याही तोंडाला येतोय, मग तुला कसं चालतं? मी त्याला सांगितलं की मलाही चालत नाही, मी अजून आत गेलेलो नाही. तो मग टोपी घालून निघून गेला. तेव्हापासून बोललेला नाही.

रात्रभर आत जपमाळेवर रोझरीच्या प्रार्थना चालल्या होत्या. मी दाराबाहेरून प्रत्येक प्रार्थनेला उत्तर देत होतो. डीलिया दर तासाला चहा आणून देत होती. पहाटे ती म्हणाली की आता पुरे, आत जा, तुझी आई आहे. मला खात्री वाटेना. गरम पाण्यानं आंघोळ केली, कपडे धुवायचा साबण अंगाला घासला. तरी माझ्याच कोटाला तो वास होता, शर्टाला होता, कपाटातल्या चांगल्या सुटाला होता. शेवटी डीलियाच्या दिवंगत नवऱ्याचा सूट घातला, बाह्या चार बोटं आखूड. तिनं माझ्या खांद्याशी नाक आणून हुंगलं आणि बाजूला झाली. तोवर माणसं शवपेटीचं झाकण घेऊन दारात आली होती. मला दहा मिनिटं मिळाली.

आईचं सगळं नीट होतं. झग्याला एक सुरकुती नव्हती. खोलीत मेणबत्तीचा आणि साबणाचा वास होता, दुसरा कसलाही नाही. ती सरळ छताकडे तोंड करून पडली होती आणि मला ते विचित्र वाटलं. मग कळलं का ते. ती अंथरुणाला खिळली त्याला सात वर्षं झाली. रोज सकाळी तिचा चहा मीच घेऊन जायचो. पबातल्याच कोटात मी आत पाऊल टाकलं की ती तोंड भिंतीकडे करायची. मला वाटायचं, उजेड डोळ्यांवर येतो म्हणून करते. सात वर्षं मी रोज कप ठेवायचो आणि तिच्यासाठी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचो.

लोभ उरला असला तर असू दे, नसला तरी पत्र पाठव.

तुझा,
मॅलकी