पंपघरातली हवा

६ जानेवारी, सोमवार

आज रुजू झाले. येरमाळ्याला बसमधून उतरले तेव्हा लांबूनच गूळ पावडर कारखान्याच्या चिमणीचा धूर दिसला आणि हसू आलं. हा धूर आता माझा. कारखान्याच्या मागं आमचं यंत्र आहे. धूर गार करून हजारो पोकळ धाग्यांच्या नळकांड्यात सोडायचा. धाग्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं, पलीकडून द्रावण वाहतं. धुरातला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून जाऊन त्यात विरतो. मग द्रावण तापवून तो सुटा करायचा आणि नळीनं टाकीत भरायचा. लातूरला तीन वर्षं हेच टेबलावर केलं. इथं ते माणसाच्या उंचीचं आहे.

यंत्र चालवणारे ईरण्णा काका उमरग्याकडचे. कपाळाला विभूती, बोलता बोलता कानडीत शिरतात. त्यांनी आधी चहा पाजला, मग पंपघर दाखवलं. ते जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून; टाकीकडं जाणारी गॅसची नळी तिथूनच जाते.

९ जानेवारी, गुरुवार

काका रोज सकाळी पंपाशेजारी फरशीवर देवाच्या फोटोपुढं दिवा लावतात. आज म्हणाले, "तबस्सुमबाई, दिवा टिकंना झालाय. वारं तर न्हाय." मी वात बदला म्हटलं.

१३ जानेवारी, सोमवार

फरशीवर दोन पाली मरून पडलेल्या. काकांनी दिवा स्टुलावर ठेवला, तिथं टिकला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड. नळी कुठंतरी गळतेय आणि तो तळाशी साचतोय. गॅस मोजायचा मीटर भिंतीवर डोक्याच्या वर लावलेला, त्यामुळं तो सगळं ठीक दाखवतो.

मॅनेजर शिवानंद साहेबांना फोन केला. मीटर ठीक आहे तर बंद कशाला, शनिवारी यंत्र बघायला पाहुणे येणार आहेत, ते येऊन जाऊ देत, असं म्हणाले. हवा काढायला पंखा पाठवतो म्हणाले. मी यंत्र बंद केलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

आज दिवा स्टुलावरही विझला. म्हणजे गॅस कमरेपर्यंत आलाय. पंखा आला नाही. माझं टेबल पायऱ्यांच्या तोंडाशीच. डोकं जड, झोप येते. भीती वाटायला हवी. वाटत नाही.

काकांना खाली उतरू नका सांगितलं. व्हय म्हणाले. तरी पंप बघायला गेलेच.

१७ जानेवारी, शुक्रवार, सकाळ

काका खाली बसलेत. पंपाला पाठ लावून. डोळे उघडे. हाका मारल्या, हलले नाहीत.

यंत्र बंद केलं. आता.

अँब्युलन्सला फोन केला. कारखान्यातही सांगितलं, माणसं पाठवा.

श्वास रोखून उतरले. खांदा हाताला लागला. गार होता. ओढवेना. दुसऱ्यांदा ओढताना श्वास घेतला गेला — वर कशी आले आठवत नाही.

टेबलाला टेकून जमिनीवर बसलेय. हात माझेच, पण दुसऱ्या कुणाचे असावेत असे.

काकांच्या खिशातला फोन वाजतोय. घरून असेल, त्यांच्या बायकोचा, लक्ष्मम्मांचा. थांबतो, पुन्हा वाजतो. रडू यायला हवं —

बाहेर पळण्याचे आवाज. कारखान्याची माणसं. चौघं, पाच. कुणीतरी म्हणतंय, काका दिसतायत, चला.

सांगायला हवं. तोंड उघडतंय, आवाज —

पहिला पायरीवर. मागं दुसरा — कुणी माझ्याकडं बघत नाही — लिहिते तरी —

खाली उतरू न