अर्थिंगच्या पट्टीचा अंदाज

३ फेब्रुवारी
तळमजल्यावरच्या मनोरमाकाकू आल्या होत्या. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणाल्या. एकट्या राहतात, वाटत असेल काहीतरी, असा माझा समज. खाली जाऊन नळाला टेस्टर लावला तर मिणमिण पेटला. काशीमीऱ्याहून कॉन्ट्रॅक्टर चंदनला बोलावलं. त्याचं निदान: पाण्याच्या पंपाचा करंट पाइपात उतरतोय, आणि गच्चीपासून जमिनीत जाणारी अर्थिंगची लोखंडी पट्टी गंजून संपलीय. "पूरी बदलनी पड़ेगी, साहब."
सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यापासूनचं हे पहिलं खरं काम. बरं झालं. काकूंच्या दृष्टीने वाईट, पण बरं झालं.

५ फेब्रुवारी
पट्टी किलोवर मिळते. किती लागेल तो आकडा चंदनने सांगितला. ऐकताक्षणी कळलं, फुगवलाय. आयुष्य परचेस डिपार्टमेंटमध्ये गेलं, वजन मला नजरेने कळतं. कमिटीत उभा राहून जाहीर केलं: वजनाचा अंदाज मी काढणार. खजिनदार काशीनाथ म्हणाले, "उदयराव, त्याचं काम त्याला करू द्या ना." मी नुसता हसलो. असल्या वेळी तेवढं पुरतं.

६ फेब्रुवारी, सकाळ
बायको, वैजयंता, क्लासमध्ये गणित शिकवते. म्हणाली, "अहो, रुंदी, जाडी आणि लांबीचा गुणाकार करा, लोखंडाच्या घनतेने गुणा. दोन मिनिटांचं काम आहे." म्हटलं, हे पुस्तकी झालं. आपला भर प्रॅक्टिकलवर.
गच्चीवर जुन्या पट्टीचा हातभर तुकडा तुटून पडला होता. भाजीवाल्याच्या काट्यावर नेऊन ठेवला. तो म्हणाला, "सेठ, ये कौनसी भाजी है?" दुर्लक्ष केलं. तुकड्याच्या वजनावरून सगळ्या पट्टीचं वजन काढलं. चंदनच्या आकड्याच्या पाऊणपटच भरलं!
चोर रंगेहाथ सापडला.

६ फेब्रुवारी, दुपार
चंदनला फोन. "साहब, कम पड़ेगा." मी म्हटलं, जितना बोला उतनाच लाओ. "ठीक है" म्हणून त्याने फोन ठेवला. लगेच मान्य केलं म्हणजे काय ते समजायचं.

१० फेब्रुवारी
काम सुरू. त्याच क्लॅम्पवर नवी पट्टी बसवायची म्हणून जुनी सगळी काढून टाकली. चंदन खालून सुरू करायचं म्हणत होता. मी सांगितलं, वरून. गच्चीवरून खाली येणारी चकचकीत पट्टी लोकांना रस्त्यावरून दिसली पाहिजे. फोटो काढून ग्रुपवर टाकला. अंगठे बरेच आले.

११ फेब्रुवारी
पट्टी संपली.
पहिल्या मजल्यापर्यंत आलीय. तिथून टोक हवेत लोंबकळतंय. जमिनीपर्यंत पोचली नाही.
काशीनाथ खाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. म्हणाले, "अर्थिंग आहे ना हे? मग अर्थला कुठे लागलंय?" मी म्हटलं, पाऊण काम झालंय. वीज जाणणाऱ्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.
चंदन म्हणाला, बाकीचा माल येईपर्यंत पंप बंद ठेवा, आता जुनी पट्टीपण नाही. पंप बंद ठेवला तर पाण्यावरून अख्खी बिल्डिंग माझ्या दारात येईल. सकाळी थोडा वेळ चालवू. बोर्डावर नोटीस लावली: नळ सोडताना पायात चप्पल असावी.

१२ फेब्रुवारी
चंदन उरलेली पट्टी लगेच आणायला तयार आहे. मी नाही म्हटलं. आधी त्याने वजनात काटा मारल्याचं सिद्ध होऊ दे. रिक्षाने काशीमीऱ्याच्या गोदामात गेलो. ट्रकांच्या धुळीत उभं राहून काट्याची पावती तपासली. वजन बरोबर. माझ्या आकड्याइतकंच, किंचित जास्तच.
येताना विचार करत होतो. वजन बरोबर, लांबी कमी. याचा अर्थ एकच: पट्टी जाड पाठवली. मी जाड पट्टी मागितलीच नव्हती.

१३ फेब्रुवारी
वैजयंताला हा मुद्दा सांगितला. तिने पोळी तव्यावर तशीच ठेवली. "अहो, तुम्ही गंजलेला तुकडा मोजलात. वर्षानुवर्षं गंज खाऊन पातळ झालेला. नवी पट्टी त्याच्यापेक्षा जड असणारच." पोळी करपली. मी म्हटलं, तुझी पोळी करपतेय.
दुपारी तो जुना तुकडा पुन्हा हातात घेऊन बघितला. गंज आहे, पण फारसा नाही.
चंदनला फोन करायचा होता. उद्या सकाळी करतो. लगेच केला तर त्याला वाटेल, मी चुकलो.

१४ फेब्रुवारी
सकाळी पंप चालू असताना काकू नळावर पाणी भरायला गेल्या. अनवाणी. शॉक बसून मागे पडल्या. मनगट मोडलं. पाणी वाहत राहिलं म्हणून समोरच्यांना कळलं.
मी धावत खाली गेलो. मेन स्विच काशीनाथांनी आधीच पाडला होता. काकूंनी डोळे उघडले आणि विचारलं, "पाणी बंद केलं का रे कुणी?"
डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या. मी म्हटलं, फरशी ओली होती. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

१५ फेब्रुवारी
काशीनाथांनी मला न विचारता चंदनला सांगून माल मागवला. चंदनच्या आकड्याने. संध्याकाळपर्यंत पट्टी जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरली, मीठ-कोळसा भरून झाला, पंपही दुरुस्त. मी गॅलरीतून देखरेख केली. वर कुणी पाहिलं नाही. कामात होते.

१९ फेब्रुवारी
काकू घरी आल्या. भेटायला जावं म्हणून तिथे म्हणायचं वाक्य तयार केलं. वैजयंताला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "यात माल, जाडी, गोदाम सगळं आहे. तुम्ही कुठे आहात?" वाक्य पुन्हा केलं. लहान झालं. आवडलं नाही, पण पाठ केलं.

२० फेब्रुवारी
गेलो. काकूंचा हात गळ्यात बांधलेला. वाक्य तोंडात होतं, तेवढ्यात त्यांनी पेढा दिला. तो संपेपर्यंत त्या दुसऱ्याच विषयावर गेल्या. मी सांगितलं, काकू, आता नळ शंभर टक्के सेफ आहे, चंदनने मीटर लावून दाखवलंय, घाबरायचं कारण नाही. त्यांना बरं वाटलं. म्हणाल्या, "मग तेवढी कळशी भरून दे रे उदय. एका हाताने नळ फिरत नाही."
मोरीत गेलो. कळशी खाली ठेवली. पितळी नळ, साधा, रोजचा. हात पुढे केला. नळापासून वीतभर अंतरावर तो थांबला. पुन्हा केला. पुन्हा तिथेच. पायात चप्पल होती. बाहेरून काकू म्हणाल्या, "फिरत नाही का? जरा घट्ट आहे तो."
फोन आलाय म्हणून सांगितलं आणि निघालो.
घरी येऊन वैजयंताला म्हटलं, काकूंची कळशी भरायची राहिलीय. ती खाली गेली, भरून आली. हात पुसत म्हणाली, "काकू विचारत होत्या, उदयचा फोन महत्त्वाचा होता का?"
फोन आला नव्हता.