पपांच्या आवाजावर

भिलाई,
सप्टेंबर १९८७

प्रिय बेन्नी,

'प्रिय' हे सवयीने लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ काढू नकोस. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज शाळेतून आल्यावर मी कागद घेऊन बसायची आणि दोन ओळींतच तो चुरगाळून टाकायची. रागाने, दुसऱ्या कशाने नाही. आज पुरं करणार आहे. तूही पुरं वाच. देश सोडून तिकडे गेल्यावर पपांची पत्रं तू अर्धी वाचून ठेवून द्यायचास, असं तूच हसत हसत सांगितलंस मला, इथे आला होतास तेव्हा. मी तेव्हा हसले नव्हते, हे तुझ्या लक्षात आलं का?

तू येण्याआधी आमचा रविवारचा वर्ग कसा चालायचा, हे तू एकदाही विचारलं नाहीस. म्हणून सांगते. इथे आपल्या यहुदी लोकांची घरं तीन. आपलं, मरोद्याच्या किहिमकरांचं आणि नंदिनी नगरला खाणीत असलेल्या रोहेकरांचं. सगळी मिळून सात मुलं. घराबाहेर पडली की हिंदी, घरात मोडकीतोडकी मराठी, आणि हिब्रू म्हणजे आजोबा सणाला काहीतरी गातात ते. आमच्या शाळेत एक ओव्हरहेड प्रोजेक्टर येऊन पडला होता. बल्ब जाईल या भीतीने कुणी शिक्षक त्याला हात लावत नसे. मी आमच्या मुख्याध्यापिकेकडे, वसुंधराबाईंकडे, रविवारी सकाळी त्या खोलीची किल्ली मागितली. त्यांनी कशासाठी म्हणून विचारलं, मी खरं ते सांगितलं. "मुलं आहेत, शिकू देत," एवढंच म्हणाल्या आणि किल्ली दिली. पारदर्शक कागद महाग, म्हणून मी इस्पितळातून जुने एक्स-रे आणून सोड्याच्या पाण्यात धुऊन काढायची आणि त्यांवर स्केचपेनने अक्षरं काढायची. अलेफ, बेत, गिमेल. भिंतीवर हातभर उंचीचं अक्षर उमटलं की रोहेकरांची धाकटी टाळ्या वाजवायची. एखाद्या फिल्मवर कुणाची तरी बरगडी पुसट राहिलेली असायची आणि मुलं हसून हसून लोळायची.

अक्षरं माझ्याकडून, आणि म्हणणं पपांकडून. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी त्यांना शाळेच्या टेपरेकॉर्डरसमोर बसवलं होतं. पहिली पाळी संपवून आले, आंघोळ केली, पांढरा सदरा आणि टोपी घातली आणि सायकलवरून शाळेत आले. माईकला नमस्कार करू का, म्हणाले. पोलादाच्या मिलमध्ये तीस टनांची क्रेन चालवणारा माणूस त्या एवढ्याशा माईकपुढे घामाघूम झाला. मग डोळे मिटून जे सुरू केलं, ते कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत. दारफाळणीच्या सणाला ते म्हणायचे ते सगळं. रेवदंड्याला त्यांच्या वडिलांनी त्यांना तोंडपाठ करून घेतलं होतं ते. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. पण दरवर्षी घराची दारं लावून, उपाशीपोटी, प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमलेले नसताना, त्यांनी ते म्हटलं. भिलाईत दुसरं कोण म्हणणार होतं? पपा गेले आणि ती कॅसेट उरली. मुलं तिच्याबरोबर म्हणायची, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावला की आई ऐकायची. आईच्या डोळ्यांना आता उजेड-अंधार तेवढा कळतो. कान मात्र तिखट आहेत.

अठरा वर्षांनी तू आलास. तिकडे नव्याने आलेल्या लोकांना हिब्रू शिकवणारा मास्तर, स्वतःचा स्लाइड प्रोजेक्टर घेऊन. खोटं कशाला बोलू, मलाही भुरळ पडली. खटकन बटण दाबलं की भिंतीवर यरुशलेम, खटकन दाबलं की मध आणि सफरचंदं, पांढऱ्या कपड्यांतली गोरीगोमटी मुलं. आमची मुलं श्वास रोखून बघत होती. मग तू सणांची नावं विचारलीस आणि मुलांनी त्यांना येत होती ती सांगितली. नवियाचा सण, दारफाळणीचा सण, खिरीचा सण. किती हौसेने सांगितली! आणि तू हसलास. "ही सणांची नावं नाहीत, ही कोकणातल्या तेलाच्या घाण्यावरची नावं आहेत. विसरा." असं म्हणालास तू, बेन्नी, माझ्यादेखत, माझ्या वर्गात. आपले आजोबा घाणा चालवायचे आणि आपला विश्रांतीचा दिवस म्हणून शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून तर आपण कोण ते आपल्याला ठाऊक राहिलं. नवियाला रोश हशाना आणि दारफाळणीला योम किप्पूर म्हणतात, हे मीही शिकवते. पण त्यांच्या शेजारी आपली लिहिते, त्यांच्यावर काट मारून नाही. तेव्हा मी तुला पुढची स्लाइड दाखवू दिली. पाहुणा आहे, भाऊ आहे, आईला किती दिवसांनी लेक भेटला आहे, असं स्वतःला समजावलं. पुढच्या रविवारी तू म्हणालास, तू आराम कर, वर्ग मी घेतो. मी किल्ली आणि कॅसेट दिली.

तू गेल्यानंतरच्या शुक्रवारी मी दिवा लावला आणि टेप चालू केला. पपांच्या जागी तू बोललास. स्वच्छ, शुद्ध, एकेक अक्षर सुटं. आई खाटेवर एकदम उठून बसली. "बेन्नी परत आला का गं?" असं म्हणून दाराकडे हात पुढे केले तिने. आनंदाने. मी कॅसेट पुढे नेली, मागे आणली, उलटवली. एक बाजू तुझी, दुसरी बाजू नुसती खरखर. हळूहळू आईला उमगलं. "आणि ह्यांचा?" एवढंच विचारलं तिने. मग ती रडायला लागली, तोंडात पदर कोंबून. शेजारच्या तुळसाबाई धावत आल्या. "काऊन रडून राहिल्या आजी? का झालं?" आणि आईने काय सांगावं? "काही नाही गं, लेकाचा आवाज ऐकला, म्हणून भरून आलं." आंधळ्या बाईने तुझ्यावर पांघरूण घातलं, शेजारणीसमोर.

त्यानंतर मी तुला कळवलं आणि तुझं पत्र आलं. 'कॅसेट रिकामी समजून भरली, चुकून झालं.' मीही तेच धरून चालले होते. पण किहिमकरांची रिबेका त्या दिवशी वर्गात लवकर आली होती. बारा वर्षांची आहे, खोटं बोलायचं तिला काही कारण नाही. ती म्हणाली, "आंटी, अंकल ने पहले पूरा सुना. मैंने बोला, ये नानाजी हैं. वो बोले, मालूम है." मग तू चष्मा काढून पुसलास, म्हणे. थोडा वेळ खिडकीशी उभा राहिलास. आणि येऊन लाल बटण दाबलंस. तिला म्हणालास, हे ऐकून शिकाल तर तिकडे लोक तुम्हाला हसतील.

म्हणजे तुला हसले होते. कळतं मला. तिकडे तुम्हा लोकांना किती वर्षं विचारत होते, तुम्ही खरे यहुदी का खोटे. तू बोलायला तोंड उघडलंस की वर्गात काय व्हायचं, याचा मला अंदाज आहे. मी ते समजून घेतलं असतं, तू सांगितलं असतंस तर. पण जे तुला हसले, त्यांच्या अंगावर गेला नाहीस तू. अठरा वर्षं थांबून भिलाईला आलास आणि मेलेल्या बापाचं तोंड बंद केलंस. नवी कॅसेट दुकानात मिळत होती, बेन्नी. चौकात मिळते. आणि डोळ्यांत पाणी आलं होतं ना तुझ्या? मग थांबायचं होतंस. रडत रडत केलंस, म्हणून ते कमी होत नाही. मला तर त्याचाच जास्त राग येतो.

मुलांनी मागल्या रविवारी विचारलं, आता कुणाचं म्हणायचं? मी प्रोजेक्टर बंद केला, टेप बंद केला आणि मीच म्हटलं. माझा आवाज कसा आहे, तुला ठाऊक आहे. दोनदा अडखळले, एका जागी चाल साफ विसरले. बाईने पुढे होऊन म्हणायचं नसतं, असं तू म्हणशील. म्हण. जिथे अडले तिथे रिबेकाने उचललं आणि पुढे नेलं, अगदी पपांच्या चालीत, हिंदी वळणाच्या उच्चारात. पपांचा आवाज काही त्यात नव्हता. तो आता कुठेच नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी दुसरं काही लिहिणार नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. दारफाळणीचा सण चार दिवसांवर आला आहे. दारं लावण्याआधी ज्याचं मन दुखावलं त्याची क्षमा मागायची, म्हणून तू मागितलीस, रीतीप्रमाणे. मी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. रिबेकाने जे सांगितलं तेही सांगितलं, लपवलं नाही. आईने पत्र मागून घेतलं आणि त्यावरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "लिही त्याला, मी माफ केलं. माझं लेकरू आहे, मी दुसरं काय करू? पण उपासाला बसायच्या आधी त्याला कळू दे." टपाल तोवर पोचणार नाही, हे तिला मी सांगितलेलं नाही. तर हा तिचा निरोप: आईने तुला माफ केलं आहे. मग तिने विचारलं, "आणि तू, मिलका?" मी म्हटलं, माझं मी लिहीन. मी केलेलं नाही. यंदा दारं लागतील तेव्हा हे माझ्या मनात तसंच असेल, आणि त्याचा जाब द्यावा लागला तर मी देईन. पुढच्या वर्षी पुन्हा माग. पण तेव्हा काय केलंस ते खरं लिही.

तुझी थोरली बहीण,
मिलका