सव्वासहा फुटांचा बेड

६ जाने., सोम.
अक्काचा फोन. ह्यांची, म्हणजे अविनाशची, मोठी बहीण, दारव्ह्याला असते. आई गेल्यावर हिनेच वाढवलं त्यांना. डायलिसिस चालू आहे, आणि डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन काय ते सांगितलंय. ती इकडे येऊ शकत नाही. अ. तिकडे जाऊ शकत नाहीत. मणक्याच्या ऑपरेशनपासून एक चहा संपेपर्यंत बसता येतं, मग आडवं व्हावंच लागतं. रेल्वेतली ती चढउतार, संडास, लघवीची पिशवी... शक्यच नाही.
अँब्युलन्स करू म्हटलं.
"अँब्युलन्समधून उतरलो तर मला पाहूनच अक्का जायची."
मग काय हेलिकॉप्टर मागवू? असं बोलून गेले. नंतर वाईट वाटलं.

८ जाने., बुध.
अ.नी मोबाइलवर शोधलं. मोटरहोम. आत बेड, ओटा, संडास, सगळं. सासवड रोडला एक जाधव म्हणून आहेत, भाड्याने देतात. ड्रायव्हर नको म्हणाले. पिशवी बदलणं, पुसणं, परक्या माणसासमोर नको. म्हणजे चालवणार कोण? वीस वर्षं हडपसर ते कॅम्प छोटी गाडी चालवलेली मी!

९ जाने., गुरु.
जाधवांच्या यार्डात जाऊन आले. दोन गाड्या.
छोटी: सतरा फूट. बसल्या बसल्या हातात आली, आपल्याच गाडीची थोराड बहीण. पण बेड आडवा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पावणेसहा फूट. अ. सहा फूट एक इंच. पाय दुमडून त्यांना दहा मिनिटं निजवत नाही, तिथे दोन दिवस?
मोठी: चोवीस फूट लांब, साडेसात रुंद, दहा उंच. मागे उभा बेड, सव्वासहा फूट. अगदी हवा तसा. यार्डातच एक वळण घेतलं तर मागे धाडकन आवाज. प्लास्टिकचा पिंप आडवा. मी उजवीकडे वळवतेय आणि शेपूट डावीकडे जातंय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
जाधव म्हणाले, "होतंय मॅडम. पिंप त्यासाठीच ठेवलाय."

११ जाने., शनि.
अ. खूश. आयुष्य इरिगेशनमध्ये गेलं, हातात टेप आला की माणूस बरा दिसतो. झोपूनच ड्रॉइंग काढलं. मग मला खाली पार्किंगमध्ये पाठवलं, खडू घेऊन. मी फरशीवर अख्खी गाडी काढली, ते बाल्कनीशेजारच्या पलंगावरून ओरडून मापं सांगताहेत. "मधली वाट वीस इंच घे! वीस!" शेजारीपाजारी बघायला. वाट वीस इंच, व्हीलचेअर पंचवीस. म्हणजे एकदा मागच्या दाराने आत घातलं की दारव्ह्यापर्यंत ते बेडवरच.
सोसायटीचे सेक्रेटरी येऊन बघून गेले. म्हणाले, "गाडी खडूचीच आत आणा. खरी कमानीत अडकेल."

१३ जाने., सोम.
मोठ्या गाडीवर सराव. शेजारी जाधव. जीव मुठीत. वळण उशिरा घ्यायचं, नाहीतर मागचं चाक फुटपाथवर चढतं. डावा आरसा, उजवा आरसा, वर फांद्या, केबलच्या तारा. मंतरवाडीला दोन्ही बाजूंनी दुचाक्या घुसल्या, मी मध्ये भिंतीसारखी उभी. मागून सगळे हॉर्न. एकाने काच खाली करून विचारलं, "काकू, घर घेऊनच निघालात का?" हो, आणि नवरा पण नेणारे, येतोस का?
घरी येऊन अ.ना म्हटलं, छान झालं.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. अक्काला व्हिडिओ कॉल. चेहरा ओळखू येईना. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुले एकदा पाहू दे रे बाबू." अ. फोन छातीवर ठेवून पडून राहिले. तिळगूळ तसाच.
मोठीच घ्यायची. ठरलं.

१७ जाने., शुक्र.
अ.ना घेऊन चाचणी. जाधवांनी धरून आत घातलं, पट्टे लावले. आमच्याकडून सासवड रोडने दिवे घाटाच्या पायथ्यापर्यंत आणि परत. कुठेही घासली नाही! एकदाही नाही! स्पीडब्रेकर अगदी हळू घेतले, पुढे तर जाणवतही नव्हते. उतरवताना विचारलं, कसं काय?
"झकास."
चेहरा पांढरा होता. मला वाटलं, उन्हाने दमले.
आज मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, लिहून ठेवते.

१८ जाने., शनि.
धुण्यात काल गाडीत अ.च्या उशाशी ठेवलेला छोटा टॉवेल. एका कोपऱ्यावर दातांच्या खुणा. एका ठिकाणी तर फाटलाय.
मी तशीच मोरीत बसून राहिले.

मग यार्डात. जाधवांना म्हटलं, तुम्ही चालवा, मी मागे झोपते. पट्टे लावून आडवी झाले. पहिल्याच स्पीडब्रेकरला पाठ बेडवरून सुटली आणि आदळली. माझी, धडधाकट बाईची. पुढच्याला तोंडातून "आई गं" निघालं. थांबवली गाडी.
"मॅडम, बेड मागच्या चाकाच्याबी मागं हाय ना. तिथं उडणारच. ते गाडी उभी करून झोपायला असतंय. चालत्या गाडीत झोपून कोण जातंय?"
खरंय, कोण जातंय. आम्ही लांबी मोजली, रुंदी मोजली, खडूने मांडून पाहिली. चाक कुठे आहे ते मी बघितलंच नाही. मी म्हणते, मला नाही कळलं, ठीक. पण ड्रॉइंग काढणाऱ्याला?

१९ जाने., रवि.
विचारलं. टॉवेल समोर धरून विचारलं.
"माहीत होतं," म्हणाले. "ड्रॉइंगमध्ये चाक मीच दाखवलंय."
"मग?"
"छोटीत पाय दुमडून रहायचं. ते दुखणं थांबतच नाही. हे येतं आणि जातं."
मी भांडले. चांगली भांडले. परत ऑपरेशन करायची वेळ आली तर? कायमचे पडून राहिलात तर? कुणाला सांगू मी, बहिणीला भेटायला गेले होते म्हणून? ते छताकडे बघत ऐकत होते. मग शांतपणे म्हणाले, "सुमन, तू पायथ्यापर्यंत फार छान चालवलीस."
असा राग आला मला, आणि रडूही.
अ.च्या मणक्याच्या डॉक्टरांना फोन केला. "मी जा म्हणणार नाही," एवढंच म्हणाले. नको तरी म्हणा की, बाबा! गाद्या आणखी दोन टाकता येतील. चाकातली हवा थोडी कमी करू, असं जाधव म्हणतात. मधला सोफा दोन्ही चाकांच्या मध्ये आहे, तिथे धक्का कमी, पण लांबी पाच फूट. फिरून फिरून तिथेच.

२० जाने., सोम.
भाच्याचा फोन. अक्का आता डायलिसिसला जायचं नाही म्हणते. मी स्वयंपाकघरात होते. अ.नी तिच्याशीच बोलायला मागितलं, मला ऐकू आलं.
"उद्या निघतो अक्का. हो, सुमन चालवते. बस नाही गं, घरच आहे, पाय पसरून येतो."
मला विचारलं नाही. मी जाधवांना फोन लावला, उद्या सकाळी गाडी हवी.

२१ जाने., मंगळ., सकाळ
गाडी कमानीबाहेर. अ.ना उचलायला सेक्रेटरी स्वतः आले, शेजारचे तिघे आणि चौथे ते. जाताना नेहमीचं काही बोलले नाहीत, फक्त "सावकाश" म्हणाले.
गाद्या टाकल्या, पट्टे लावले. माझ्या सीटवरून बेड दिसत नाही, आरशात फक्त कपाटाचं दार येतं. इंजिनापुढे हाकही ऐकू यायची नाही. म्हणून फोन चालू ठेवायचा, सहन झालं नाही की "थांब" म्हणायचं, असं ठरलंय. ते म्हणणार नाहीत. मी गाडी परत फिरवली तर आयुष्यभर काही बोलणारही नाहीत.
धुतलेला टॉवेल मीच घडी करून उशीपाशी ठेवला. त्यांनी पाहिला. माझा हात धरून ठेवला थोडा वेळ.
पहिला स्पीडब्रेकर आमच्याच गेटसमोर आहे.