रेणूताई कशानं गेली

प्रिय रेणूताई,

हे पत्र पाठवायला तू आता कुठे आहेस? मला सातवा महिना लागलाय. पाय सुजलेत, बांगड्या मनगटात रुतल्यात. सासूबाई म्हणतात, "पोर अंगी लागून राह्यलं."

आज वरवट बकालच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझं बीपी दोनदा मोजलं. म्हणाल्या, "गरोदरपणात अंगातली हार्मोन्स रक्तवाहिन्या सैल ठेवतात, म्हणून बीपी जास्त चढत नाही. तुझ्या रक्तवाहिन्या आवळत चालल्यात. माहेरी कुणाला असं झालं होतं?"

"कोनालेच नाही," सासूबाईंसोबत आलेली माय घाईनं म्हणाली.

ताई, तू आठव्या महिन्यात झटके येऊन गेलीस. पोटुशी मेलेलीची बहीण कोण करून घेईल, म्हणून मायनं माझ्या सासरी साप चावल्याचं सांगितलं. मीही गप्पच राहिले असते. पण डोळ्यांपुढे ठिणग्या उडू लागल्या. शेवटच्या दिवसांत तुलाही त्या दिसायच्या.

"माझी बहीण यानंच गेली," मी म्हणाले.

सासूबाई मायकडे वळल्या. "इहीनबाई, तुमी तं साप डसला म्हनल्या होत्या!"

"ते मागून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला आत्ताच बुलढाण्याला न्यायचं."

त्यांनी मला इंजेक्शन दिलं, गाडी बोलावली. माय माझा हात धरून रडत होती. "मले वाटलं, तुले नाही होनार वं."

मग डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके शोधले. बराच वेळ शोधले. सापडले तेव्हा त्या हसल्या नाहीत. ड्रायव्हरला एवढंच म्हणाल्या, "वाटेत कुठे थांबू नका." त्याच गाडीत बसून हे लिहितेय.

तुझ्या वाटेनं यायचं नाही म्हणून बोललेली,
तुझी छकुली