होड्यांसाठी फुकटचा डेटाबेस

९ फेब्रुवारी

माफ कर, वही. नाताळनंतर आज उघडतोय तुला. डोळ्यांत थेंब चालू होते, आणि लिहिण्यासारखं काही घडतही नव्हतं. आज घडलं. माझं रजिस्टर जाणार!

सोळा वर्षांपूर्वी माझा मुलगा गेला. होडी परतली नाही आणि आत कोण कोण होतं हेच तीन दिवस कोणाला सांगता येईना. तेव्हापासून आमच्या पाचूबंदरच्या मच्छीमार सोसायटीचं रजिस्टर मी लिहितो. धक्क्यावर उभा राहतो, ओरडून नावं विचारतो. शिक्षण सातवी, तीही अर्धी – पण एक नाव सुटलं नाही. आता चेअरमन गॉडफ्रे म्हणतो, "लॉरेन्सकाका, जमाना बदलला. ॲप पायजे." म्हणजे होडी चालवणाऱ्या तांडेलाने मोबाईलवर नावं भरायची आणि बटण दाबायचं. मी काय करायचं, ते बोलला नाही.

१२ फेब्रुवारी

ॲप बनवणार जागृती – सोसायटीतल्या श्रीपतची मुलगी. मनवेलपाड्याला राहते, कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. चहाला बसली. म्हणाली, "काका, ॲप म्हणजे नुसता काउंटर. माल असतो डेटाबेसमध्ये. तो दुसऱ्याच्या जागेत, भाड्याने. कामणला गोदामं आहेत ना, तसं समजा."

समजलं! मग तिने तीन प्रकार सांगितले. मोठ्या कंपनीचा – महाग, पण सगळी काळजी त्यांची. दुसरा, लहानसा सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि डेटाबेस आपण बसवायचा – स्वस्त, पण बिघडला तर हिने धावायचं. तिसरा फुकट.

मासळीबाजारात जन्म गेला माझा. फुकट देतात ती मासळी कशी असते, मला विचारा.

१५ फेब्रुवारी

औषधाच्या खोक्यावर चौदा प्रश्न लिहून जागृतीला फोन केला. गोदामाला आग लागली तर? मालक मेला तर? उंदीर लागतात का? ("काका, उंदीर नाही!") सातव्या प्रश्नाला म्हणाली, "फुकटवाल्याची एक खोड आहे. सात दिवस कोणी हात लावला नाही की तो झोपतो. मग मलाच जाऊन उठवावा लागेल." मी ते लिहून घेतलं. आणि आठवा प्रश्न विचारला – आडनावं मराठीत चालतील का.

२० फेब्रुवारी

कमिटीची मीटिंग. जागृतीचं मत, दुसरा घ्या, वर्षाचा खर्च उद्घाटनाच्या मंडपाएवढाच आहे. गॉडफ्रे म्हणाला, "मग मंडप कुठून आणू?" सगळे हसले. तिने झोपेचंही सांगितलं. तर अल्पेश तांडेल उठला, "झोपंल कवा गो? आमच्या होड्या रोज जातात. त्याला डुलकी बी लागनार नाय!"

टाळ्या. फुकटचा मंजूर. टाळी मीही वाजवली.

१ मार्च

उद्घाटन. बॅनरवर कमिटीचे नऊ चेहरे. जागृतीचा नाही. मला शाल. आणि रजिस्टरला हार! हार घालून काचेच्या कपाटात ठेवलं, आणि मी समोर खुर्चीत जिवंत बसलेला. गॉडफ्रेने भाषणात "डिजिटल पाचूबंदर" आठ वेळा म्हटलं. मी बोटांवर मोजलं, दुसरं काम काय होतं?

१८ एप्रिल

चालतं मेलं! अल्पेश बटण दाबतो, हिरवी खूण येते. बरं वाटतं की वाईट, ठरवता येत नाही.

घरी नातू ऑस्टिनचं एकच पालुपद. वीस वर्षांचा झाला, होडीवर जातो म्हणतो. मी म्हटलं, तुझ्या बापाला समुद्राने नेलं, तेवढं पुरे या घराला. सून फिलोमिना मान खाली घालून मासे साफ करत राहिली.

१ जून

पावसाळी बंदी लागली. होड्या वर ओढल्या, शाकारल्या. दोन महिने सगळ्यांना आराम.

२७ जुलै

गुडघे. जाळी शिवणं. गुडघे.

१ ऑगस्ट

बंदी उठली. बाकीचे नारळी पौर्णिमेनंतर निघणार, पण अल्पेशला दम कुठला? सवयीने धक्क्यावर गेलो. मला बघून ओरडला, "काका, आता बटण हाय, घरी झोपा की!" दाबलं. फोनवर नुसतं चक्र फिरत होतं. "फिरू दे," म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

तरी नावं विचारलीच. खाज! तुझ्यातच लिहून ठेवतो: होडी 'मारिया'. अल्पेश, विकी, कृष्णा, युजीन, डहाणूचे दोन नवे खलाशी – रमण आणि जान्या. एकूण सहा. सोमवारी, चार तारखेला परत. होडीत बर्फ अजून चढत होता, पण चहा निवत असेल म्हणून घरी वळलो.

ऑस्टिन भल्या सकाळीच विरारला गेला. नोकरीची मुलाखत आहे, मित्राकडे आठवडाभर राहणार. देवाने ऐकलं माझं!

५ ऑगस्ट

'मारिया' आली नाही. कालपासून वारा. अल्पेशचा फोन लागत नाही.

गॉडफ्रेने ॲप उघडलं, पांढरं फटक. जागृतीला फोन. तिने विचारलं, "शेवटचं कधी वापरलं होतं?" ३१ मेला! बंदी लागली आणि आठवड्यात डेटाबेस झोपला. तिने दहा मिनिटांत उठवला. ३१ मेपर्यंतचं सगळं जागच्या जागी. १ ऑगस्टचं काहीच नाही.

पन्नास वर्षं जूनमध्ये होड्या ओढल्या मी. आम्ही सगळ्यांनीच. आणि त्या मीटिंगमध्ये एकालाही बंदी आठवली नाही! चौदा प्रश्न विचारणाऱ्या मलाही नाही.

तटरक्षक दलाचा माणूस फोनवर विचारत होता, किती माणसं, नावं काय. गॉडफ्रेने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी घरी आलो, तुला घेऊन गेलो. त्याने पानं उलटली. वाटेत १ मार्चचं पान लागलं, तेही वाचलं. मग १ ऑगस्टचं मोठ्याने वाचून दाखवलं.

"सहाच ना?" पलीकडून विचारलं.

मी म्हटलं, सहाच. माझ्या हातून नाव सुटत नाही.

६ ऑगस्ट

विरारहून त्या मित्राचा फोन आला. ऑस्टिन त्याच्याकडे गेलाच नव्हता. बर्फवाला म्हणतो, मी धक्क्यावरून वळलो आणि लगेच तो 'मारिया'त चढला.

गॉडफ्रेने पुन्हा फोन करून सातवं नाव सांगितलं. इथेही लिहितो. ऑस्टिन. वय वीस.

कुठल्याही बंदराला लाग, कोणाचाही फोन माग. रागावणार नाही. पण लवकर कळव रे, बाळा.