मम्मीचं खरं वय

आणि पप्पा, मम्मीचं वय तुम्ही तेव्हा पाच वर्षांनी वाढवून सांगितलं, ते आता माझ्या अंगावर आलंय. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली, भांडू कुणाशी? माझ्या ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये मम्मी आहे, पण ते कव्हर थोडंच. मागच्या महिन्यात मावशी नांदेडला दवाखान्यात बावीस दिवस ॲडमिट होती आणि तिचं कव्हर नवव्या दिवशीच संपलं. मम्मी तिच्या उशाशी होती. लातूरला परत आल्यावर एवढंच म्हणाली, "मला काही झालं तर तिथं नेऊ नको. घरीच राहू दे." तेव्हापासून मी टॉप-अपच्या मागे लागलेय, म्हणजे ऑफिसचं कव्हर संपलं की पुढचा खर्च उचलणारी वेगळी पॉलिसी. माझं तुम्हाला माहितीय, एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. तीन आठवडे लॅपटॉपवर तक्ते केले, बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या, शेजारच्या काकूंनाही बसवून समजावलं. एक पॉलिसी पक्की केली, फॉर्म भरला, आधार कार्ड लावलं, त्यावरचं वय विसरूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन. "ताई, यात पासष्टपर्यंतच घेतात हो. तुमच्या मम्मीचं सदुसष्ट दाखवून राहिलं."

बारा वर्षांपूर्वीचा तो कॅम्पचा दिवस मला अजून दिसतो. गल्लीतल्या शाळेत आधारची रांग, मम्मी फोटोसाठी बसलीय, पदर सारखा नीट करतेय. ऑपरेटर विचारतो, "वय?" तुम्ही म्हणता, "पंचावन्न." मम्मी तुमच्याकडे बघते. "आवो, पन्नास तरी हाय का मी?" तुम्ही हळूच म्हणता, "गप बस. एसटीचं अर्धं तिकीट पाच वर्षं आधी लागतंय. दर महिन्याला मुखेडला माहेरी पळतीस की." ऑपरेटर पण हसतो. म्हणतो, सकाळपासून सगळेच वाढवून सांगून राहिले.

हे सगळं मम्मीला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता हसायलाच लागली. "आता समद्याच बायांला अर्धं तिकीट हाय. तुझ्या पप्पानं मला उगंच म्हातारी केली." मग हात धुवून पेटीतून तिचा चौथीचा दाखला काढून दिला. त्यावर जन्मतारीख एक जून आहे, आणि त्या हिशोबानं ती आज बासष्टची. मी म्हटलं, हे तरी खरं का? म्हणाली, "ते गुरुजीनं टाकलंय. आई म्हणायची, ज्वारी काढायला आली तवा झालीस."

दाखला लावून आधारवरचं वय बदलता येतं, पण एकदाच. बासष्ट केलं तर टॉप-अप मिळेल, पण तिला बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणून हृदयाचं काही निघालं तर पहिली तीन वर्षं ते धरणार नाहीत. शिवाय सत्तर झाल्यावर मोफत उपचारांसाठी मिळतं ते सरकारी कार्ड आठ वर्षं लांब जाईल. सदुसष्टच ठेवलं तर कार्ड तीन वर्षांत येतं, पण तोपर्यंत ऑफिसच्या थोड्या कव्हरशिवाय हातात काहीच नाही. कसंही केलं तरी तिच्या हृदयाची तीन वर्षं उघडीच राहतात. माझ्या तक्त्यात याला कॉलमच नाही. काल जिना चढताना ती मधेच कठडा धरून थांबली. विचारलं तर म्हणे, "काही न्हाई, पदर अडकला." पदर कुठंच अडकला नव्हता.

मी तुमच्यावर चिडले खरी, पण एक गोष्ट मम्मीलाही सांगितली नाही. त्या दिवशी शेवटी ऑपरेटरनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली होती, कारण इंग्रजी वाचणारी मी एकटी. तुम्ही किती कौतुकानं बघत होतात. मी नाव, पत्ता, वय सगळं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "ऑल करेक्ट." आपण पन्नासची पण नाही, असं मम्मी म्हणाली होती, ते मी ऐकलं होतं.

हे पत्र टाकू कुठं, दाखल्याच्या घडीतच ठेवते. आधारवरचं वय बदलायचा फॉर्म अजून उघडाच आहे, वयाची चौकट रिकामी. सांगा ना पप्पा, तिला किती वर्षांची करू?